आत खांब कोणी धरला?

गच्चीवरचा दिवा राहू दे तसाच बंद. रस्त्यावरच्या गाड्यांचा उजेड येतोय तेवढा पुरे. ही गोष्ट दत्तप्रसादची. इथं आखातात आमच्याच ऑफिसात अकाउंट्सला होता, दोन अधिक दोन चारच म्हणणारा माणूस. त्यानं सांगितली तशी सांगतो, पदरचं काही घालत नाही.

साल त्र्याऐंशी. तेरा जानेवारी, गुरुवार. भोगी होती आणि त्यातच अमावास्या लागलेली. दुसऱ्या दिवशी शुक्रवारची सुट्टी, म्हणून दुपारी ऑफिस सुटल्यावर दत्तप्रसाद पोरांना घेऊन बुदैयाला मुख्तारच्या घरी गेला. काम साधंच होतं. तंबू आणायचा.

मुख्तार ऑफिसातला स्टोअरकीपर, इथलाच. दर थंडीत त्याचं अख्खं खटलं तंबू घेऊन साखीरच्या वाळवंटात राहायला जायचं. त्यानं तंबू गाडीच्या टपावर बांधून दिला. जाड कापड, दोर, लोखंडी मेखा आणि मधोमध उभा करायचा एकच लांब खांब. "एक आदमी अंदर, खंबा पकड के," तो म्हणाला. "बाकी सब बाहर, रस्सी पे. अंदरवाला हिला, तो खलास." मग जरा थांबून, "मैं आऊँ क्या?"

"नको," दत्तप्रसाद म्हणाला. वास्तविक या गृहस्थानं उभ्या जन्मात कॅलेंडरसाठी खिळासुद्धा ठोकला नव्हता.

तंबूचं वेड होतं त्याच्या बायकोचं, लीनाचं. थंडीत साखीरच्या रस्त्यानं जाताना इथल्या लोकांचे तंबू दिसले की म्हणायची, एकदा आपणही ठोकू या ना. हा म्हणायचा, पुढच्या वर्षी. वाळूत गेली की ती चपला काढून टाकायची, आणि घरी आल्यावर पायांतल्या जोडव्यांत अडकलेली वाळू बाथरूममध्ये झटकत बसायची. हा चिडायचा, नळी तुंबेल म्हणून. अशी सहा-सात वर्षं गेली. मग आदल्या जूनमध्ये ती सुट्टीवर मिरजेला गेली, कावीळ झाली, आणि परत आलीच नाही.

दहाव्याला कृष्णेच्या घाटावर पिंड ठेवला. कावळा शिवेना. दत्तप्रसादची बहीण हात जोडून म्हणाली, "वहिनी, पोरांची काळजी करू नकोस. मी माझ्याकडे ठेवून घेते." कावळा होता तिथून उठला आणि लांबच्या फांदीवर जाऊन बसला. ऊन चढलं. लोक घड्याळं बघायला लागले. तेव्हा त्याची थोरली, मेधा, पुढं झाली. ती तेरा वर्षांची, इंग्रजी शाळेतली, एरवी मराठीत उत्तर द्यायची मारामार. ती म्हणाली, "आई, आम्ही तंबू ठोकू." कावळा खाली उतरला आणि शिवला.

आता त्या कावळ्याला काय ठाऊक साखीर कुठं आणि तंबू म्हणजे काय... पण शिवला.

तेव्हापासून दत्तप्रसाद बधिर झाला होता. दात काढताना इंजेक्शन दिल्यावर आपला गाल कसा आपला राहत नाही, तसा अख्खा माणूस झाला होता. डबे भरायचा, ऑफिसला यायचा, हिशेबात चूक नाही. रडला मात्र नाही. कुणी काही बोललं की 'ओके' म्हणायचा, पण ऐकलेलं काही नसायचं. शेवटी बहिणीचंच म्हणणं त्यानं मान्य केलं. मेधाचं आणि धाकट्या जयूचं सोमवारचं तिकीट काढलं. पोरं मिरजेला, हा एकटा इथं. जाण्याआधी तंबूचं तेवढं उरकून टाकायचं. बैल गेला आणि झोपा केला, असं तो स्वतःशीच म्हणाला. त्याचंही त्याला काही वाटलं नाही.

साखीरला पोचेपर्यंत सूर्य टेकला होता. आसपास दुसरा तंबू नव्हता. लांब अवालीच्या बाजूला तेलाच्या विहिरीवरची आग तेवढी दिसत होती. वारा सुटला होता. दोनदा खांब उभा केला, दोनदा आडवा झाला. मग मुख्तारचं बोलणं आठवून दत्तप्रसादनं मेधाला आत घातलं. "घट्ट धर. मी सांगेपर्यंत सोडू नकोस." आठ वर्षांचा जयू गाडीत बसला होता.

मेखा ठोकता ठोकता अंधार पडला. तो एकेक दोर ओढत तंबूभोवती फिरू लागला. खांब हलला नाही. पोरीच्या अंगात बळ आहे, त्याला वाटलं.

"जरा उजवीकडे घे."

खांब उजवीकडे झुकला.

"अजून थोडा... हां, बस."

थांबला. नेमका हवा तिथं.

शेवटचा दोर बांधून झाला. हाताला फोड आले होते. तो तंबूकडे तोंड करून म्हणाला, "सोड आता."

आतून एक निःश्वास आल्यासारखा वाटला. कापड हललं असेल.

"बाबा?"

हाक मागून आली. गाडीकडून. मेधा जयूला हाताला धरून येत होती.

"तू बाहेर कधी आलीस?"

"लाँग बॅक. जयू वॉज क्राइंग. आय टोल्ड यू, बाबा. यू सेड ओके."

त्यानं टॉर्च घेतला. पडदा वर केला. आत खांब, आणि वाळूत मेधाच्या बुटांचे ठसे. दुसरं कुणी नव्हतं.

भीती वाटली का, मी विचारलं होतं. म्हणाला, "नाही वाटली रे. तेच वाईट. काहीच वाटलं नाही."

खांबाच्या दोन बाजूंना त्यानं दोन चटया टाकल्या. मधे पावलं मावतील एवढी वाळूची पट्टी मोकळी राहिली. खालच्या मजल्यावरच्या गोदाबाईंनी तीळ लावलेल्या भाकऱ्या आणि भोगीची भाजी बांधून दिली होती. वर्ष चाललंय, सण करायचा नाही ते खरं, पण न खाई भोगी तो सदा रोगी, पोरांना चारा, म्हणाल्या होत्या. पोरांनी खाल्लं. आईचं नाव कुणी काढलं नाही. पोरं एका चटईवर झोपली, हा दुसऱ्या चटईवर.

मध्यरात्र उलटली. वारा वाढला. कापड फडफडायला लागलं. बाहेर कुठंतरी लोखंड वाजलं, आणि मग एक दोर सपकन् कापडावर आपटला. मग आणखी एक. उठून बघावं, असंही त्याच्या मनात आलं नाही.

अंधारात तो हळूच म्हणाला, "ठोकला बघ तंबू. झालं ना मनासारखं?"

वाऱ्याशिवाय काही नाही.

"आता तू जा. सोमवारी पोरंही चाललीत. ताईकडे."

खांब करकरला.

एकदाच. मग वरचं कापड खाली येऊ लागलं. सावकाश. झोपलेल्या पोरांच्या बाजूनं. आणखी खाली. जयूच्या केसांना टेकलं. त्याच्या कपाळावर आलं...

"लीना."

थांबलं नाही. नाकापर्यंत आलं.

"नाही पाठवत," दत्तप्रसाद म्हणाला. "लीना, नाही पाठवत. माझ्यापाशीच ठेवतो."

कापड थांबलं.

बराच वेळ तसंच...

मग हळूहळू वर गेलं. खांब सरळ झाला. दत्तप्रसाद रांगत पलीकडे गेला आणि दोन्ही पोरांना पोटाशी घेऊन बसला. सात महिन्यांत पहिल्यांदा तो रडला. उजाडेपर्यंत रडला.

सकाळी वारा पडला होता. तो बाहेर आला. वाऱ्याकडच्या बाजूची एकही मेख जमिनीत नव्हती. सगळ्या उपसून पडलेल्या, दोर वाळूत लोळत होते. तंबू मात्र ताठ उभा. पडदा वर करून मेधाही ते बघत उभी होती.

"बाबा, मंडेची फ्लाइट?" तिनं विचारलं.

"तिकीट मफी," तो इथल्या अरबीत म्हणाला, मफी म्हणजे नाही. "खलास."

तिनं मान हलवली आणि चटया गुंडाळायला आत गेली. मग आतून तिनं हाक मारली. या वेळी मराठीत.

"बाबा... हे बघा."

खांबापाशी, दोन चटयांमधल्या त्या पट्टीत, अनवाणी पावलं उमटली होती. दोनच, शेजारी शेजारी. येतानाची नाहीत, जातानाची नाहीत. रात्रभर कुणी भार पेलत उभं राहावं तशी घोट्यापर्यंत रुतलेली. बोटं पोरांच्या चटईकडे. आणि दोन्ही पावलांत, अंगठ्याशेजारच्या बोटाच्या मुळाशी, खालच्या ओलसर वाळूत एक बारीक गोल रेघ. जोडव्याची.