शिशाचं अक्षर

हे लिहिणारच नव्हतो. टाइप केलं, खोडलं, परत टाइप केलं. शेवटी म्हटलं, जाऊ दे. कुणी हसलं तर हसू दे.

पण जे झालं ते खरं आहे. मंगळवारी, भर दुपारी, ट्यूबलाइटखाली, माझ्या डोळ्यांसमोर.

मी एका हॉस्पिटलात एक्सरे काढतो. तळमजल्यावरची शेवटची खोली. खिडकी नाही. काम कुणी शिकवलं नाही, बघून बघून आलं.

माझ्या आधी तिथे माझा मित्र होता. सगळे त्याला काडी म्हणायचे. "तुझ्या एक्सरेला मशीन कशाला? शर्ट काढ, झालं!" असं आम्ही चिडवायचो.

आता एक गोष्ट समजून घ्या. एक्सरे काढताना पेशंटच्या अंगाशेजारी शिशाचं छोटं अक्षर चिकटवतात. उजवीकडे आर, डावीकडे एल. फोटोत ते पांढरं उमटतं. त्यावरून डॉक्टरला बाजू कळते.

ही अक्षरं सारखी हरवतात. मॅनेजर म्हणायचा, "शोधत काय बसता? बाहेर रांग बघा. नंतर कॉम्प्युटरवर टाका की."

सगळे तसंच करायचे. काडीपण.

मग एक फरशीवाला मिस्त्री आला. छातीत पाणी झालेलं. उजव्या हाताचं पहिलं बोट अर्धंच, कटरने नेलेलं. धाप लागली होती, तरी काडीला म्हणाला, "साहेब, दुखणं डावीकडे आहे बरं का. नीट लिहा."

"फोटोत दिसतं हो काका सगळं," काडी म्हणाला.

मिस्त्रीला उभं राहवेना. म्हणून फोटो पाठीकडून न काढता समोरून काढला. कॉम्प्युटरला ते सांगायचं राहिलं. चित्रात डावं-उजवं उलटं झालं. त्या उलट्या चित्रावर काडीने माउसने अक्षर टाकलं. पाण्याने काळीज उजवीकडे ढकललेलं, ते उलट्या चित्रात डावीकडे, नेहमीच्या जागी दिसलं, त्यामुळे उलटं चित्रही सुलट वाटलं.

डॉक्टरने पाणी काढायची सुई धडधाकट बाजूला घातली.

मिस्त्री गेला.

काडीला हाकललं. डॉक्टरला बढती मिळाली. आणि मॅनेजरने भिंतीवर पाटी लावली... शिशाचं अक्षर लावल्याशिवाय फोटो काढू नये.

वा रे वा.

काडीच्या जागी मला घेतलं. पहिल्याच आठवड्यात आवाज आला...

टक्.

शिसं फरशीवर पडल्यासारखा. खोलीत कुणी नाही. अक्षरं तर माझ्या खिशात.

मग एकदा घाईत मी अक्षर लावायलाच विसरलो. फोटो उघडला...

अक्षर होतं. बरोबर बाजूला.

खोटं कशाला बोलू, मला बरंच वाटलं. वाटलं, कुणीतरी सांभाळून घेतंय.

आणि मंगळवारी काडी आला. खोकून खोकून वाकलेला. छातीत पू झालाय, ऑपरेशन लागणार, सर्जनला ताजा फोटो हवा होता.

"कुठे दुखतंय?"

"डावीकडे."

मी एल घेतला. डावीकडे लावला. चिकटपट्टी दोनदा दाबली. सगळी बटणं परत तपासली. काचेमागे गेलो.

"श्वास घे... धर..."

फोटो आला.

पू उजवीकडे.

एल निरोगी फुप्फुसाशेजारी. पांढरा, स्वच्छ. आणि त्या अक्षराला धरून...

बोटांची हाडं.

पहिलं बोट अर्धंच.

मी परत काढला. तेच. फक्त बोटं जरा आत सरकलेली. फासळ्यांपर्यंत.

काडी कधी मागे येऊन उभा राहिला, कळलंच नाही. स्क्रीनकडे बघून कोरडा हसला.

"आले का काका?"

"दुसरीकडे जाऊ आपण," मी म्हटलं. "आत्ताच्या आत्ता."

त्याने पिशवीतून एक फिल्म काढून लाइटवर धरली. दुसऱ्या हॉस्पिटलची. त्यावरही पू उजवीकडेच. "तिथूनच आलोय रे. म्हटलं, तू काढलास तर तरी..."

मी धावत वर सर्जनकडे गेलो. त्याच्या स्क्रीनवर बोटं नव्हती. नुसतं अक्षर.

"साहेब, हा फोटो उलटा आहे. दुखणं डावीकडे आहे."

"शिशाचं अक्षर आहे ना? मग?"

"एकदा नळी लावून ऐका तरी. पेशंटला विचारा."

"पेशंट काय, वाटेल ते सांगतात. आणि तू आता मला शिकव."

खाली येऊन काडीला सांगितलं. तो शर्टाची बटणं लावत होता. "काकांचं काय चुकलं? त्यांनीही सांगितलंच होतं की. मी ऐकलं का?"

"गप रे."

"त्यांना मी मरायला हवाय की नुसतं कुणी ऐकायला हवंय, तेच कळत नाही."

मलाही कळत नाही. अजून नाही.

ऑपरेशन उद्या सकाळी आहे. त्याच्या छातीवर डावीकडे मी पेनाने मोठी फुली मारली होती. आत्ता वॉर्डात बघून आलो. फुली नाही. काडी म्हणतो, त्याने पाण्याला हातही लावला नाही.

मी त्याच्या उशाशी बसून वचन दिलंय. भूल चढली की तुला बोलता येणार नाही, तेव्हा तुझ्या वतीने मी बोलेन. डावीकडे. डावीकडे. गचांडी धरून बाहेर काढलं तरी दारातून ओरडत राहीन, कुणीतरी ऐकेपर्यंत.