नीरजाचं रोजचं एक कार्ड

पौष महिना, आणि आभाळ नुसतं कोंदलेलं. धड पडेनाही, उघडेनाही. मलकापूरच्या बसस्टँडवर नीरजा टॅरोच्या चित्रांच्या पत्त्यांची गड्डी पिसत बसली होती. रोज सकाळी एकच कार्ड काढायचं आणि त्यावरचं चित्र पाहून स्वतःला विचारायचं, आज मनात काय चाललंय? बस्स. भविष्यबिविष्य तिला त्यातून बघायचं नव्हतं.

वारा सुटला आणि तिनं काढलेलं कार्ड उडून एका तरुणाच्या बुटापाशी पडलं.

"मॅडम, तुमचा माणूस पळाला," तो कार्ड उचलून त्यावरचं चित्र बघत म्हणाला. "गाठोडं घेऊन निघाला, अन् समोर दरी! खाली पाह्यतच नाही हा."

"म्हणूनच मले आवडते तो," नीरजानं हात पुढे केला. "अन् भविष्य विचारान, तर मी नाही सांगत."

"मले नांदुऱ्याची बस कधी येते तेवढंच सांगा... म्हणजे तुम्ही त्याच बसनं जात असान तर."

ती नको नको म्हणताना हसली. तो आल्हाद, नांदुऱ्याच्या कॉलेजात फिजिक्स शिकवणारा. ती तिथल्याच तहसील कचेरीत कारकून. मग रोजची बस एकच झाली. तो रुमालानं खिडकीची काच पुसून तिची जागा धरायचा. बाहेर ओल्या कापसाचे ट्रक उभे असायचे, आत खड्ड्यागणिक त्याचा खांदा तिच्या खांद्याला लागायचा. दोघंही सरकून बसायची नाहीत.

आणि एका संध्याकाळी तो एकदम बोलला.

"घरचे खामगावची पोरगी पाहून आले. रविवारी साक्षगंध करून लग्न पक्कं करायचं म्हणतात. तू हो म्हटलं, तर आजच आईले सांगतो मी... तू फक्त म्हण."

हो अगदी ओठांवर आलं होतं. पण नीरजाला आठवली मोठी बहीण सुहासिनी. मनासारखं लग्न करून गेली आणि वर्षाच्या आत परत आली. आता घरात जेवढ्यास तेवढं बोलते.

"उद्या सांगू?" नीरजा म्हणाली.

दुसऱ्या दिवशी तिनं आपलाच नियम मोडला. गड्डीला विचारलं, हो म्हणू का? निघाला वीज पडलेला मनोरा. परत काढलं, तर हृदयात खुपसलेल्या तलवारी. ती काढतच राहिली, आणि आल्हादला म्हणत राहिली, उद्या.

शनिवारी बसमध्ये तिचे हात पुन्हा गड्डीकडे गेले, तेव्हा त्यानं त्यावर आपला हात ठेवला.

"मी तुले विचारलं होतं, नीरजा. यांना नाही."

"मले भीती वाटते रे..."

"मग तसं म्हण ना! दोघं मिळून भिऊ. पण तू मले सोडून यांच्यासंगच बोलून राह्यली."

नांदुरा आलं, तो तिच्यासाठी न थांबता उतरून गेला.

रविवारी तिनं गड्डीला हात लावला नाही. सकाळभर ती स्वयंपाकघरात घुटमळली. आल्हादवर आपलं प्रेम आहे, हे तिला केव्हाचं ठाऊक होतं. तेवढंच तर सांगायचं होतं. तिनं फोन लावला.

"आल्हाद... हो. मले तू पाहिजे. भीती वाटते, तरी पाहिजे."

पलीकडे बायकांची गडबड, भांड्यांचे आवाज.

"कोणतं कार्ड निघालं आज?" त्यानं विचारलं. आवाजात थट्टा नव्हती.

"काढलंच नाही. तुझी शपथ."

"आज चांगलं निघालं असंन म्हणून हो. उद्या वाईट निघालं तर? रोज सकाळी तुझ्या कार्डाची वाट पाह्यत जगणं... मले नाही जमणार, नीरजा."

कुणीतरी त्याला आतून हाक मारली. "आलो," तो म्हणाला आणि फोन ठेवला.

नीरजा ओट्याशी उभी राहून भडभडून रडली. सुहासिनी आत आली. तिनं काहीएक न विचारता धाकट्या बहिणीला जवळ ओढलं.