आवाज बसलेला रविवार

तो फक्त बहिणीला सोडायला आला होता.

नाहूर स्टेशनजवळच्या एका सोसायटीच्या हॉलमध्ये दर रविवारी एक खेळ रंगायचा. टेबलाभोवती बसायचं, प्रत्येकाने एक पात्र व्हायचं – कुणी योद्धा, कुणी जादूगार – आणि फासे टाकत सगळ्यांनी मिळून गोष्ट पुढे न्यायची. नव्या मंडळींना पात्र घडवायला रुचिरा मदत करायची. शाळेत शिकवणारी, भरपूर बोलणारी रुचिरा... आणि नेमका तिचाच घसा गेला होता. डॉक्टरांनी बजावलं होतं, महिनाभर शब्द काढायचा नाही. कुजबुजायचंसुद्धा नाही.

तिच्या वतीने बोलणारा मित्र ऐनवेळी आलाच नाही. ती मोबाइलवर टाइप करून एकेकाला दाखवत होती, पण पहिला वाचेपर्यंत दुसरा जांभई द्यायचा. माधुरी नावाच्या मुलीने तर पर्स खांद्याला अडकवली. रुचिराला रडूच यायचं बाकी होतं.

"मी वाचून दाखवू का?"

दारात माधुरीचा भाऊ उभा होता. आकाश. हातात स्कूटरची चावी, पाय अर्धा बाहेर.

तिने मोबाइल पुढे केला.

"बाई म्हणतात, आधी ठरवा तुम्हाला कोण–"

तिने मोबाइल ओढून घाईघाईने टाइप केलं. त्याने तेही मोठ्याने वाचलं, "बाई काय म्हणतोस रे? रुचिरा म्हण."

सगळे हसले. माधुरीची पर्स खाली आली.

"मला मारामारी नाही जमायची बुवा," निवृत्त विद्याधरकाका म्हणाले. "बीपी आहे."

"मग वैद्य व्हा, काका. लढाईत सगळे तुमच्याच पाया पडतील," आकाशने वाचलं.

"मी चोर होणार!" माधुरी म्हणाली.

"हो. पण तो चोर कशाला घाबरतो ते सांग. कशालाच न घाबरणाऱ्याची गोष्ट काय सांगायची?" आकाशने पुढचं वाचलं.

"पालीला."

"ही स्वतःच घाबरते," आकाश म्हणाला. "हे आपलं माझ्यातर्फे हां."

रुचिरा त्याच्याकडे बघत राहिली. घसा गेल्यापासून लोक तिच्याशी ओरडून तरी बोलायचे, नाहीतर तिचं वाक्य स्वतःच पुरं करून टाकायचे. हा मात्र थांबायचा. तिचं बोट मध्येच अडलं तरी... थांबायचा.

पुढच्या रविवारी तो पुन्हा आला. त्याच्या पुढच्याही. खेळ संपला की दोघं कोपऱ्यावरच्या टपरीवर कटिंग चहा प्यायची. भुरभुर पाऊस असला की तो मोबाइलवर हात धरायचा, तिचा स्क्रीन भिजू नये म्हणून.

"माझं पात्र कधी बनवणार?" त्याने एकदा विचारलं.

'माझा घसा बरा झाल्यावर,' तिने टाइप केलं. 'तुझं मी बोलून बनवणार.'

त्याचे कान लाल झाले. तिने ते पाहिलं आणि चहात तोंड लपवलं.

महिना सरला. डॉक्टर म्हणाले, बोला, पण जपून, थोडंच. त्या रविवारी ती मुद्दाम लवकर गेली. आकाश खुर्च्या मांडत होता.

"थँक यू, आकाश."

त्याच्या हातातली खुर्ची तशीच राहिली.

"तुझा आवाज... मला वाटलं होतं, बारीक असेल."

"बस. पात्र बनवायचंय ना? कोण आहेस तू?"

"योद्धा. तलवार वगैरे... झकास."

"आणि कशाला घाबरतोस?"

एरवी चुरुचुरु बोलणारा तो फासा बोटांत फिरवत बसला.

"आता तू बोलायला लागलीस," तो शेवटी म्हणाला. "म्हणजे... माझी गरज संपली ना?"

रुचिराच्या मनात आलं, त्या पहिल्या दिवशी हा दारातून परतला असता तर? तिने त्याच्या हातावर हात ठेवला.

"हे बघ, डॉक्टरांनी कमी बोलायला सांगितलंय, म्हणून एकदाच सांगते. मला आवडतोस तू."

तो अगदी हळूच म्हणाला,

"परत सांग ना..."

"वेडा आहेस का? घसा–"

पण तिने परत सांगितलं.