सासूबाईंची बेल

टॅक्सीवाल्याने बॅगा फुटपाथवर उतरवल्या आणि गाडी धुक्यात दिसेनाशी झाली. दुपार टळून फार वेळ झाला नव्हता, पण हिवाळ्यातली दुपार ती! गल्लीतल्या घराघरांत दिवे लागले होते. अंधार होता तो फक्त वायरमनच्या घरात, आणि घरात कुणी नसल्यावर तो असायचाच.

वायरमन, त्याची बायको आणि सगळे जिला चिमणी म्हणत ती त्यांची चार वर्षांची मुलगी, असे तिघे परदेशातून परत येत होते. बायकोची आई थंडी सुरू होता होता गेली. धाकट्या बहिणीला तिकडून येता आलं नव्हतं. फोनवर तिचं रडणं काही थांबेना, म्हणून थोडे दिवस तिला भेटून यायचं ठरलं.

निघायच्या आदल्या दिवशी वायरमनच्या डोक्यात एक किडा वळवळला. गल्लीत चोऱ्या होत होत्या. घर रिकामं दिसायला नको. सासूबाई हयात असताना पुढच्या खोलीतल्या खुर्चीत बसलेल्या असायच्या. बेल वाजली की आतूनच ओरडायच्या, "कोण आहे? थांबा हं, आले!" मग त्या दारापर्यंत पोचेस्तोवर बाहेरच्याची एक झोप व्हावी. वायरमनने एकदा गंमत म्हणून हे फोनवर रेकॉर्ड करून ठेवलं होतं. त्याने बेलची टिंगटाँग काढून टाकली आणि बेलच्याच तारांना ते रेकॉर्डिंग भरलेला एक जुना स्पीकर जोडला. बटण दाबलं की आतून सासूबाई बोलणार.

"माझ्या आईचा आवाज? चोरांना घाबरवायला?" बायको कडाडली. "काही वाटतं का तुला?"

"अगं, मी दहा वर्षं घाबरलो. चोराची काय बिशाद!"

बायको हसली नाही. आईच्या त्या पुढच्या खोलीत पाय ठेवायलाही तिला अजून जमलं नव्हतं. त्या खोलीचे पडदे ओढलेले होते ते तसेच होते.

आता दारात उभं राहिल्यावर आपली कारागिरी दाखवायची हौस वायरमनला आवरेना. खिशातली किल्ली खिशातच ठेवून त्याने बटण दाबलं.

"कोण आहे? थांबा हं, आले!"

आवाज इतका स्वच्छ आला की तो स्वतःच चकित झाला. जोडताना स्पीकर चांगला खरखरत होता. पण काम आपलंच असलं की माणूस फार खोलात शिरत नाही.

"आजी!" चिमणीने टाळ्या पिटल्या.

बायकोचा चेहरा उतरला. "आत गेल्या गेल्या ते काढून टाक. आत्ताच्या आत्ता."

"बरं बाई, काढतो." त्याने किल्ली फिरवली. दार जेमतेम उघडतंय तोच चिमणी त्याच्या हाताखालून निसटली आणि आत पळाली.

"बूट काढ आधी!" बायको मागून ओरडली, पण ऐकतंय कोण.

तेवढ्यात समोरच्या घरातून हाक आली. तिथे नवीनच राहायला आलेल्या बाई औषधांच्या दुकानात काम करत. अजून त्यांची नीटशी ओळखही झालेली नव्हती. शाल घट्ट गुंडाळून त्या रस्ता ओलांडून आल्या.

"आलात का? बरं झालं बाई. आजी नुसत्या वाट बघत होत्या तुमची."

वायरमनने बायकोकडे पाहून डोळा मिचकावला. बघ, चालली की नाही युक्ती! मग अगदी साळसूद चेहऱ्याने त्याने विचारलं, "हो का? काय म्हणत होत्या?"

"काय नाही म्हणाल्या ते विचारा! दार काही उघडलं नाही त्यांनी, गुडघे धरलेत म्हणाल्या. पण कुरियरवाला तुमचं पार्सल माझ्याकडे देऊन गेला ना, ते द्यायला आले आणि जी गट्टी जमली! मग रोज दाराआडून गप्पा. चांगलं मलम कुठलं, ते विचारलं. दाराखालच्या फटीतून एक ट्यूब सरकवली मी. पैसे नकोत हं मला."

वायरमनचा मिचकावलेला डोळा तसाच राहिला. स्पीकरमध्ये तेवढी दोन वाक्यं होती. तिसरं नव्हतंच.

"आणखी… काय म्हणाल्या?" बायकोने विचारलं. तिचा आवाज तिलाच ओळखू आला नसता.

"दुसरं काय, नातीचंच. तिच्यावाचून करमत नाही म्हणाल्या. आली की या खेपेला तिला बरोबरच नेणार आहे म्हणाल्या. कुठे जाताय का हो परत? आताच तर आलात."

बाई दोघांच्या तोंडांकडे पाहत राहिल्या. बायकोने वायरमनची बाही गच्च धरली.

"चिमणीला बाहेर आण," ती म्हणाली. "जा… लवकर."

तो आत शिरला. दाराजवळचं बटण दाबलं. दिवा लागला नाही. फ्यूजची पेटी तिथेच भिंतीवर होती. सवयीने त्याने झाकण उघडलं, फोनचा टॉर्च लावून फोन पेटीवर टेकवला आणि आत पाहिलं.

मेन स्विच खाली होता.

कुठल्याही घराबाहेर पडताना मेन खाली ओढायचा, ही त्याच्या हाताला लागलेली सवय. गिऱ्हाइकाचं घर असो की स्वतःचं, हात आपोआप जायचा. निघताना टॅक्सी हॉर्न मारत होती, बायको हाका मारत होती, चिमणीची टोपी सापडत नव्हती. त्या गडबडीत एवढी खटपट करून जोडलेली बेल त्याने स्वतःच्याच हाताने बंद केली होती. ते निघाले तेव्हापासून घरात वीजच नव्हती.

म्हणजे बेल एकदाही वाजली नव्हती. मघाशीसुद्धा.

मेन वर करायचंही त्याला सुचलं नाही.

"चिमणे!" त्याने हाक मारली. घर गारठून गेलं होतं, तोंडातून वाफ निघत होती. "चिमणे… कुठेयस तू?"

पुढच्या खोलीत खुर्ची करकरली.

फोन पेटीवर तसाच टाकून तो आत धावला. पडदे ओढलेले. डोळ्यांत बोट घातलं तरी दिसणार नाही असा काळोख, आणि त्या काळोखात मलमाचा झणझणीत, ताजा वास. खुर्चीच्या अंगाने चाचपडत गेलेल्या त्याच्या हातांना दोन छोटे खांदे लागले.

"चल बाळा… चल."

दोन हात वर झाले आणि त्याच्या गळ्यात पडले. त्याने तिला उचलून छातीशी धरलं, आणि त्याच्या जीवात जीव आला. या पोरीपुढे त्याला जगात काहीच नको होतं, अगदी काहीच. तिचं डोकं खांद्याशी दाबून धरत तो दाराकडे पळाला. दार उघडंच होतं. बाहेरचं धुकं, खाली पायऱ्यांशी उभी असलेली बायको, सगळं दिसायला लागलं. त्याने उंबरठ्यावर पाय ठेवला.

"बाबा…"

हाक वरच्या मजल्यावरून आली होती. तिच्या खेळण्यांच्या खोलीतून.

"बाबा, इथे दिवा लागत नाहीये… मला भीती वाटतेय. घ्यायला ये ना."

तो जागच्या जागी थिजला. गळ्याभोवतीचे हात आवळले गेले. अगदी कानाशी, गरम श्वासासकट, तोच आवाज आला.

"नको ना जाऊ, बाबा."

बाहेरून बायकोने दोन्ही हात पुढे केले. वरची हाक तिच्यापर्यंत पोचली नव्हती. तिला दिसत होता तो फक्त मुलीला घेऊन दारात आलेला नवरा, आणि ती रडत रडत हसत होती. "आणलंस… दे, दे तिला इकडे!"

त्याला काही देता येईना. पुढे जाता येईना, मागे वळता येईना. चेहरा पाहावा म्हणून त्याने मान मागे घेतली, तर मिठीतलं तोंड त्याच्या कॉलरमध्ये आणखी खोल शिरलं. आपलं पोर आपल्याला नुसत्या स्पर्शानेही ओळखता यायला हवं. त्याला येत नव्हतं. त्या क्षणी त्याला स्वतःची जेवढी भीती वाटली, तेवढी दुसऱ्या कशाचीच वाटली नाही.

"अरे, असा काय उभा राहिलास? दे ना तिला!"

"बाबा, थांब हं," वरून आवाज आला. "मीच येते."

आणि मागे, काळोखात, जिना वाजायला लागला. एक पाय खाली, मग त्याच पायरीवर दुसरा. जरा थांबून, कठडा धरून, पुढची पायरी. लहान मुलं अशीच जिना उतरतात. म्हातारी माणसंही अशीच उतरतात.

त्याच्या गळ्याभोवतीची मिठी हळूहळू घट्ट होत चालली होती.