सहावं पुस्तक

नाताळच्या सुट्टीची पुस्तकं अंजली सुट्टीच्या आधीच्या शनिवारी आणायची. रविवार कारंजा चौकाजवळच्या वाचनालयात एरवी एका वेळी दोनच पुस्तकं मिळत, पण दिवाळीत आणि नाताळात जुन्या सभासदांना सहा नेऊ देत. ती सहा निवडायला तिला दोन तास तरी लागत. शाळेत गणित शिकवणारी बाई. पुस्तकं निवडतानाही ती अटी लावून एकेक नाव खोडत जायची. छपाई ठसठशीत हवी. वाक्य एका श्वासात संपायला हवं. माणसं फार नकोत, कारण अण्णांना मग नावं आठवत नाहीत. आणि आजारपण, मरण असलं काही नको.

कारण पुस्तकं तिच्यासाठी नसत. तिचे वडील, कारभारीअण्णा, एसटीच्या कार्यशाळेत मेकॅनिक होते. तेलकट हात साबणानं कोपरापर्यंत धुवून रोज संध्याकाळी वाचायला बसणारा माणूस. चार वर्षांपूर्वी काचबिंदूनं त्यांचे दोन्ही डोळे गेले, आणि पाठोपाठ वर्षभरात अंजलीची आई गेली. तेव्हापासून घरात दोघंच. अंजली सकाळी साडेसहाला शाळेच्या बसनं जायची, साडेतीनला यायची, मग वह्या, मग रात्रीचा स्वयंपाक. वाचून दाखवायचं राहूनच जायचं. अण्णा कधी म्हणाले नाहीत. ते नुसते गॅलरीजवळच्या वेताच्या खुर्चीत बसून राहायचे, उन्हाकडे तोंड करून. ऊन सरकलं की खुर्ची तेवढीच सरकवायचे.

त्या शनिवारी वाचनालयात गर्दी नव्हती. दोन कपाटांमधल्या चिंचोळ्या जागेत उभी राहून अंजली प्रत्येक पुस्तकाचा पहिला परिच्छेद हळू आवाजात वाचून बघत होती. एक कादंबरी तिला फार आवडली. घाटमाथ्यावरच्या हवामान खात्याच्या चौकीत राहणारा निरीक्षक, रोज सकाळी साडेआठला पावसाची मोजदाद करणारा. वाक्यं छोटी, स्वच्छ. ती दोन पानं वाचत गेली. तिसऱ्या पानावर निरीक्षकाची बायको वारली. अंजलीनं पुस्तक मिटून जागेवर ठेवलं आणि त्याऐवजी नर्मदेकाठच्या प्रवासाचं एक जाडजूड पुस्तक घेतलं.

घरी येऊन तिनं पिशवी रिकामी केली तेव्हा प्रवासाचं पुस्तक त्यात नव्हतं. हवामान चौकीची कादंबरी होती.

तिनं वाचनालयात फोन लावला. तिथली वैष्णवी म्हणाली, "मॅडम, तुम्हीच बदललं ना. पायऱ्या उतरून गेलात आणि परत वर आलात. म्हणालात, हेच हवंय त्यांना."

"मी?"

"हो. मी नोंदही बदलली. का, काही चुकलं का?"

"नाही," अंजली म्हणाली. दिवसभराच्या थकव्यानं डोकं चालत नसेल, असं तिनं स्वतःला सांगितलं. सहाही पुस्तकं तिनं आपल्या कपाटात ठेवली आणि कुलूप लावलं. कपाटात प्रश्नपत्रिका असायच्या, त्यामुळे कुलूप लावायची तिला सवयच होती.

सोमवारी रात्री जेवताना अण्णा भाकरी कुस्करता कुस्करता थांबले.

"त्यानं सासूला बायकोच्या अक्षरात पत्र लिहिलं, ते काही बरं नाही केलं," ते म्हणाले.

"कुणी?"

"तो गं, पाऊस मोजणारा. बायको गेली हे कळवलंच नाही त्यानं. उलट तिच्याच अक्षरात लिहिलं, मी बरी आहे, इकडे थंडी फार." त्यांनी घास घेतला. "बरं नाही केलं. पण मीसुद्धा लिहिलं असतं."

अंजलीच्या हातातली वाटी तशीच राहिली. "अण्णा, हे पुस्तक तुम्ही कधी वाचलंत?"

"मी कसा वाचणार? आज दुपारी तूच वाचलंस की."

आज दुपारी अंजली शाळेत होती. स्नेहसंमेलनाच्या तालमीत मुलांच्या रांगा लावत होती. जेवणं झाल्यावर तिनं कपाट उघडून कादंबरी काढली. सेहेचाळिसाव्या पानावर निरीक्षक कंदिलाशी बसून बायकोची जुनी पत्रं समोर ठेवतो आणि तिचं अक्षर गिरवतो. *मी बरी आहे. इकडे थंडी फार.* अण्णांनी ती पूर्वी वाचली असेल म्हणावं, तर पुस्तक याच ऑक्टोबरात छापलेलं होतं.

ती बराच वेळ पलंगावर बसून राहिली. वयानं माणसाचं मन भलतीकडे जातं हे तिनं ऐकलं होतं. पण मन भलतीकडे गेलं, तरी त्याला सेहेचाळिसावं पान कसं सापडेल?

मंगळवारी सकाळी फुलाबाई आल्या. त्या सहाला यायच्या, स्वयंपाक करून, अण्णांना नाश्ता देऊन, अकराला दार ओढून जायच्या. पोळपाट धुता धुता त्या म्हणाल्या, "ताई, काल तुम्ही लवकर आल्या व्हत्या का?"

"नाही. का हो?"

"माझा डबा राह्यला व्हता, म्हून बारा वाजता परत आले. तर आतून तुमचा आवाज. वाचत व्हत्या तुम्ही. इतकं गोड चाललं व्हतं, म्या दारच नाय वाजवलं. जिन्यात बसून ऐकलं थोडं."

"रेडिओ असेल, फुलाबाई."

फुलाबाईंनी तिच्याकडे पाहिलं. "रेडिओ कुठं हाय तुमच्याकडं?"

अंजलीनं कादंबरी शाळेच्या पर्समध्ये टाकली आणि बस पकडली. दिवसभर पर्स तिनं खांद्यावरून उतरवली नाही. साडेबाराच्या मधल्या सुट्टीत शिक्षकांच्या खोलीत केक कापला जात होता. ती बाहेर मैदानाच्या कडेला आली आणि तिनं अण्णांच्या साध्या मोबाइलवर फोन लावला. बऱ्याच वेळानं त्यांनी उचलला.

"अण्णा, मी अंजली."

पलीकडे अण्णा हसले. "अगं, पाणी पिऊन येते म्हणून उठलीस, आणि आतून फोन करतेस?"

अंजलीनं रिक्षा केली. गंगापूर रोडच्या सिग्नलला रिक्षा थांबली तेव्हा पर्समध्ये हात घालून तिनं पुस्तक चाचपलं. ते तिथंच होतं. शरणपूर रोडच्या मागच्या त्यांच्या गल्लीत ख्रिस्ती शेजाऱ्यांनी घरोघरी कागदाच्या चांदण्या लावल्या होत्या. भर उन्हात त्या फिकट आणि हलक्या दिसत होत्या. ती दोन मजले धावत चढली. दाराशी थांबून तिनं कान दिला. आत काही आवाज नव्हता.

अण्णा खुर्चीत होते. त्यांनी दाढी केली होती. ठेवणीतला बदामी स्वेटर घातला होता, बटणं एक घर चुकवून. समोर दुसरी खुर्ची ओढलेली होती, बोलायला बसावं इतक्या जवळ.

अंजलीनं न्हाणीघर पाहिलं, गॅलरी पाहिली, पलंगाखाली वाकून पाहिलं. कपाटाचं कुलूप होतं तसं होतं.

"काय शोधतेस?" अण्णांनी विचारलं.

"चष्मा," ती म्हणाली.

"आज छान झालं," अण्णा म्हणाले. "तो चौकीतून उतरून सासूला भेटायला निघतो. मला वाटलं, सांगेल आता. तू थांबलीस ना तिथं, ते बरं केलंस. मला जरा तुझ्या आईचं बोलायचं होतं."

तीन वर्षांत ते आईबद्दल एक शब्द बोलले नव्हते. अंजलीही कधी तो विषय काढत नसे; त्यांना त्रास होईल म्हणून. त्या दुपारी त्यांनी आईबद्दल काय काय सांगितलं, ते तिला ठाऊक नव्हतं. त्यांचा चेहरा मात्र धुतल्यासारखा स्वच्छ दिसत होता. त्यांना खरं काय ते सांगायचं तिनं ठरवलं होतं. पण त्या चेहऱ्याकडे बघून तिच्यानं बोलवलं नाही.

बुधवारपासून सुट्टी लागली. तिनं ठरवलं, आता घराबाहेर पडायचंच नाही. सकाळी नऊलाच ती समोरच्या खुर्चीत बसली आणि अण्णांनी सांगितलं त्या ठिकाणापासून वाचायला लागली. एकशे बाराव्या पानापासून. अण्णा ऐकत होते, पण पुन्हा पुन्हा मान किंचित कलती करत होते.

"घाई का करतेस?" ते शेवटी म्हणाले. "काल कसं वाचत होतीस. आज एखादी यादी वाचल्यासारखं वाटतंय."

तिला राग आला. कुणाचा, ते तिला सांगता आलं नसतं. ती सावकाश वाचू लागली. नाताळच्या दिवशी चर्चच्या घंटा वाजत होत्या, शेजारच्या बाई करंज्यांचं ताट देऊन गेल्या, आणि ती वाचतच राहिली. कादंबरी झाली. शेवटी तो निरीक्षक सासूच्या अंगणात उभा राहतो आणि काहीच न बोलता परत जातो. अण्णा आईबद्दल बोलतील म्हणून ती थांबली. ते बोलले नाहीत. मग तिनं दुसरं पुस्तक उघडलं. दुपार झाली, संध्याकाळ झाली. ती थांबली असती तर घरात शांतता झाली असती, आणि त्या शांततेत दुसऱ्या कुणाला जागा मिळाली असती.

शुक्रवारी सकाळी ती उठली तेव्हा तिच्या घशातून आवाज फुटत नव्हता. नुसती हवा. फुलाबाईंनी तिला कोपऱ्यावरच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी टॉर्च मारून घसा पाहिला. स्वरयंत्राला सूज आहे म्हणाले, आणि तीन दिवस कुजबुजायचंसुद्धा नाही अशी ताकीद दिली.

अण्णांशी बोलायचं कसं हा प्रश्नच होता. लिहून दाखवता येत नव्हतं. फुलाबाईंनीच त्यांच्या कानाशी जाऊन सांगितलं, "दादा, ताईंचा आवाज बसलाय. त्यांना बोलायला लावू नका."

"बरं," अण्णा म्हणाले. त्यांनी हात पुढे केला, आणि अंजलीनं तो धरला. त्यांनी तिच्या बोटांवर दोनदा थोपटलं. "पड जा तू."

अकराला फुलाबाई गेल्या. अंजलीनं औषध घेतलं. खुर्चीतच बसून राहायचं तिनं मनाशी पक्कं केलं होतं, पण औषधानं गुंगी यायला लागली. ती आतल्या खोलीत जाऊन आडवी झाली. दार उघडंच ठेवलं.

जाग आली तेव्हा ऊन भिंतीवर चढलं होतं. पावणेतीन वाजले असावेत.

बाहेरच्या खोलीत कुणीतरी वाचत होतं.

तिनं आधी नुसता आवाज ऐकला. मग ओळखला. आपला आवाज बाहेरून ऐकायची वेळ माणसावर फारशी येत नाही. तरी तो तिचाच होता. र जरा जड. वाक्याच्या शेवटी किंचित खाली येणारा. फक्त त्यात थकवा नव्हता. दुसऱ्या दिवशीच्या वह्या नव्हत्या. जिला जगात दुसरं काहीच काम नाही अशी बाई वाचेल, तसा तो वाचत होता.

ती उठली. फरशी गार होती. ती भिंतीच्या कडेकडेनं दारापर्यंत गेली.

अण्णा त्यांच्या खुर्चीत होते, उन्हाकडे पाठ करून. समोरच्या खुर्चीकडे तोंड करून. ओठ थोडे विलगलेले, मुलं गोष्ट ऐकताना करतात तसे.

समोरची खुर्ची रिकामी होती.

पुस्तक स्टुलावर मिटलेलं पडलं होतं. आवाज खुर्चीतून येत होता. बसलेल्या माणसाचं तोंड असतं, बरोबर तेवढ्या उंचीवरून.

अंजली पळाली नाही. नंतर तिला स्वतःलाच त्याचं नवल वाटलं. तिला भीती होतीच. पण त्याहून जास्त तिला ऐकायचं होतं. एका जागी अण्णा हसले. आवाज त्यांच्यासाठी थांबला, आणि त्यांचं हसू संपल्यावर पुढे निघाला. असं थांबायचं तिला कधी सुचलं नव्हतं.

तिचा खांदा दाराला लागला. कडी वाजली.

वाचन थांबलं.

खोलीत काही हललं नाही. पण आता कुणीतरी आपल्याकडे बघतंय, हे तिला कळलं.

"तू पड जरा," तिचा आवाज तिला म्हणाला. मायेनं म्हणाला. "मी आहे ना इथं."

अण्णांनी मान वळवली. "कुणाशी बोलतेस गं?"

अंजलीनं तोंड उघडलं. सगळा जोर लावला. नुसती हवा निघाली.

"कुणाशी नाही, अण्णा," आवाज म्हणाला, आणि राहिलेलं वाक्य त्यानं पुन्हा सुरुवातीपासून घेतलं.