बंद खोलीचा आकडा

यादीतलं घर कुलूपबंद होतं, आणि लोहगडवाडीत त्या सकाळी इतकं धुकं होतं की पुढचं घर कुठं आहे तेही दिसेना. पिशवी सावरत मी उभी होते, तेवढ्यात शेजारच्या दारातून आवाज आला.

"काय विकताय?"

"काही नाही. घरातली हवा मोजतेय."

"हवा?" तो बाहेर आला. खांद्यावर ओलं पोतं, डोळ्यांत हसू. "आमच्याकडं लय हाय. फुकट न्या."

त्याचं नाव संदेश. गडावर येणाऱ्यांना जेवू घालायचा. आता घरामागच्या दगडी खोलीत त्यांच्या मुक्कामाची सोय करत होता; रंग, गाद्या, सगळं नवं. डोंगराला पाठ टेकलेली अशी खोली मला हवीच होती.

मी समजावलं — जमिनीतून रेडॉन नावाचा वायू झिरपतो. रंग नाही, वास नाही. हवा खेळती नसली की घरात साठतो, आणि वर्षानुवर्षं श्वासात गेला तर फुफ्फुसाच्या कर्करोगाचा धोका वाढतो. ही डबी तीन महिने टांगायची. आतल्या फिल्मवर त्याच्या खुणा उमटतात.

डबी टांगताना माझ्या पायाखालचं स्टूल डगमगलं. त्यानं ते धरलं... आणि मी उतरल्यावरही धरूनच ठेवलं.

"डबीला कुणी हात लावायचा नाही," मी शक्य तितक्या कोरडेपणानं म्हणाले.

"न्हाई लावणार. काय अडलं तर?"

"फोन करा."

त्याला फार अडायचं. डबीवर कोळी चढलाय, काचेतून दिसतोय — चालंल का? बाहेर पाऊस पडतोय — डबीला गार लागंल का? सात फोन त्याचे. आठवा मी केला... तोही उगाच.

तीन महिने भरल्यावर त्यानंच डबी टपालानं पाठवली, आणि जानेवारीत आकडा आला. एका घनमीटर हवेत चारशे साठ बेकरेल. तीनशेच्या वर जाऊ नये असं मानतात. फोनवर सांगवेना, म्हणून लोकलनं मळवली स्टेशनला उतरले आणि वर वाडीत गेले.

"जास्त?" त्यानं विचारलं.

"जास्त. दोन रात्री राहून कुणाला काही होत नाही. पण रोज तिथं झोपणाऱ्याला..."

"आय झोपणार व्हती तितं. पाहुणे नसतील तवा."

त्यानं फोन काढला. "दादा, सव्वीस जानेवारीची खोली न्हाई जमणार. तंबू लावतो अंगणात. जेवण हायेच." बस, एवढंच. लोकलमध्ये मी त्याच्याशी वाद घालायची केवढी तयारी केली होती! ती सगळी वाया गेली, आणि मला उगीचच डोळे पुसावे लागले.

त्याची आई, धोंडाबाई, चहा घेऊन आल्या. "काय झालं गं?"

"मावशी, खोलीतली हवा वाईट निघाली."

"निगंल न्हाई तर काय. तीन महिनं कुलूप हाय तिला."

"कुलूप?"

"तूच म्हणलीस, डबीला हात लावू नका. हा म्हणला, मग दारच नको उघडाय. दिवाळीत आलेली माणसं परत धाडली. मला केरसुणी फिरवू दिली न्हाई."

संदेश अंगठ्यानं जमीन उकरत होता.

"अहो," मी म्हणाले, आणि मला हसू आवरेना, "डबी हलवायची नव्हती. खोली वापरायची होती. ही तर कोंडलेल्या हवेची मोजणी झाली."

"म्हंजे खोली चांगली हाय?"

"ते अजून माहीत नाही. फरशीच्या भेगा बुजवा, खिडकी उघडी ठेवा. मग पुन्हा मोजू. तीन महिने."

"तीन महिने," तो हळूच म्हणाला. "लय झाले."

"डबी आपलं काम आपण करते. मधे मला यायची गरज नसते."

"ठाऊक हाय."

"म्हणून रविवारी येईन ते... डबीसाठी नाही."

धोंडाबाईंनी रिकामी कपबशी उचलता उचलता त्याला कोपर मारलं.

"आरं, गाडी कितीची हाय ते तरी इचार. न्यायला जाशील का न्हाई?"