चौथा बत्तासा

बानाबाई आली तेव्हा तिच्या काखेत घोंगडीत गुंडाळलेलं काहीतरी चौकोनी होतं. जनार्दन पाथ्रीकरांनी खुर्ची पुढे केली, पण ती खालीच बसली.

"फोटो हाय. माझ्या आबाचा. शहागंजातल्या व्यापारी मंडळाला भिंतीवर लावायचाय."

"मग अडचण काय?"

"त्यांच्यातल्याच एकानं आबाला मारलं. त्याच्यासमोर आबाला टांगू व्हय?"

पाथ्रीकर निजामाच्या कोतवालीत होते. पोलीस ॲक्शननंतर ती नोकरी सोडून ते खाजगी तपास करू लागले, आणि त्यांचा शाळासोबती बन्सी टिपणं घ्यायला शेजारी बसू लागला. बन्सीनं लेखणी उचलली.

"मारलं? कशानं?"

"लवंगेनं."

मग तिनं सगळं सांगितलं. तिच्या वडिलांची, मल्हाररावांची, मेंढरं फर्दापूरच्या डोंगरात असायची. रझाकारांच्या दिवसांत शहागंजातले चार व्यापारी त्यांनी मेंढवाड्यात लपवले आणि वाचवले. पुढं त्याच चौघांनी मंडळ काढलं. मल्हारराव शहरात येऊन घोंगड्या विकू लागले आणि रोज दुपारी मंडळाच्या ओट्यावर बसू लागले. आत गादीवर बसायला सभासद लागत.

"सात-आठ वरसं ओट्यावरच काढली. औंदा म्हनले, मरायच्या आधी एकदा आत बसावं."

मंडळाची रीत अशी की चौघांना एकेक बत्तासा आणि एकेक लवंग मिळते. पडद्याआड लोटा असतो. बत्तासा टाकला तर होकार, लवंग टाकली तर नकार. एक लवंग निघाली तरी माणूस बाहेर.

"चिटनीस भायेर आले. तळहातावर लवंग. म्हनले, मल्हारराव, एक निघाली. एकच. आबानं छातीला हात लावला." बानाबाईनं पदर सावरला. "मी पोचले तवर गेले होते. मिशीला साखर लागलेली. मला वाटलं, घेतलं त्यास्नी. कुनीतरी तोंड गोड केलं."

पाथ्रीकरांनी तिच्यापुढं पाण्याचा तांब्या सरकवला.

"मला एक नाव पायजे," ती म्हणाली. "बाकी तिघांच्या भिंतीवर आबा खुशाल राहू द्या."

*

मंडळाची खोली धान्याच्या आडतीवर होती. चिटणीस कारभारी, त्या चौघांपैकीच एक, यांनी लोटा दाखवला. अरुंद तोंडाचा, तळाशी फडकं, म्हणजे काय पडलं ते ऐकू येऊ नये. मल्हाररावांचं नाव यांनीच सुचवलं होतं.

"बत्तासे कोण आणतं?" पाथ्रीकरांनी विचारलं.

"मीच. माणसामागं एक. जादा आणला तर कुणीतरी लबाडी करील. त्या दिवशी चार म्हणजे चारच होते."

"लोट्यात न टाकलेल्या वस्तूचं काय होतं?"

"ती ज्याची त्यानं तोंडात टाकावी, नाहीतर खिशात. कुणी बघत नाही, कुणी विचारत नाही. तीच तर गंमत आहे." हसू आलं आणि तिथंच विझलं.

"लोटा कोण उघडतं?"

"मी. एकटा."

"मल्हारराव पडले तेव्हा तुम्ही जवळ होता?"

"माझ्या मांडीवर डोकं होतं. पाणी पाजलं. शुद्धीवर यावेत म्हणून तोंडात बत्तासा घातला. चघळलाही नाही त्यांनी." कारभारींनी उपरण्यानं डोळे पुसले.

अध्यक्ष काकासाहेब खिडकीजवळ बसले होते. धंद्याखेरीज हजार एकर जमीन, घसा खरखरीत.

"लई उपकार त्याचे आमच्यावर. रझाकार पार मेंढवाड्यापर्यंत आले तेव्हा त्यानं आम्हाला..." ते अडखळले. "असो. लपवलं. मी कशाला लवंग टाकू? त्या सांडूला विचारा. त्याला मेंढरांचा वास सोसत नाही."

बोलता बोलता त्यांनी खुंटीवरच्या काळ्या कोटावर हात झटकला. "मुंग्यांनी जीव नकोसा केलाय."

"कोट इथंच असतो?"

"सभेपुरता घालतो. घरी कोण नेतो?"

"चहा मागवू?" कारभारींनी विचारलं.

"बिनसाखरेचा. डॉक्टरनं गोड बंद केलंय."

बद्रीनाथ कापडवाले त्यांच्या दुकानात भेटले. त्यांनी काकासाहेबांकडे बोट दाखवलं. "जमीनदार माणूस, धनगराच्या मांडीला मांडी लावील काय? मी तर त्या दिवशी लोटा उघडायच्या आधीच खुशीत घरी गेलो. नात दारातच खिसे चाचपते, मंडळाची सभा तिला पाठ आहे. तिचं तोंड गोड केलं, तोच मागून बातमी आली."

सांडूशेठ गालाला फडकं बांधून गादीवर लवंडले होते. दाढेखाली लवंग होती.

"ठणकतंय का?"

"सभेच्या रात्रीपासनं. त्याआधी दाढ चिडीचूप होती. हकीम म्हणतो, गोडाला शिवू नको. आता घरातल्या लवंगा संपवतोय." ते कण्हले. "मल्हाऱ्या देवमाणूस होता हो. बद्रीनाथचं काही सांगता येत नाही."

बाहेर येताच बन्सी म्हणाला, "सांडूशेठ सुटले. लवंग त्यांच्याकडेच आहे, म्हणजे त्यांनी बत्तासा टाकला."

"ती लवंग घरातली आहे, बन्सी. दाढ कशानं ठणकायला लागली, ते विचार."

*

संध्याकाळी चौघं मंडळात जमले. बानाबाई फोटो मांडीवर घेऊन उंबऱ्याच्या आत, भिंतीला टेकून बसली. समोरच्या भिंतीत खिळा आधीच ठोकलेला होता.

पाथ्रीकर उभे राहिले. "लवंग कुणी टाकली, हे मी शोधलं नाही. मी बत्तासे शोधले. ज्याच्याजवळ बत्तासा उरला, त्यानं लवंग टाकली."

त्यांनी खुंटीवरचा कोट काढून खिसा उलटा केला. चिकट भुगा आणि मुंग्या गादीवर पडल्या.

"काकासाहेबांना गोड चालत नाही. उरलेला बत्तासा त्यांनी खिशात टाकला, आणि विसरले."

काकासाहेबांनी कोट ओढून घेतला. बद्रीनाथांनी सुस्कारा सोडला.

"सुटलो म्हणू नका. नातीला काय दिलंत? ती मंडळाच्या सभेची वाट बघते, हलवायाची नाही. तो दुसरा. सांडूशेठ, तुम्ही उरलेला तिथंच चघळलात, तो दाढेत गेला. तो तिसरा."

"एकच लवंग निघाली होती ना?" बानाबाई म्हणाली.

"सगळ्यांना एकच सांगितली होती." पाथ्रीकर कारभारींकडे वळले. "मल्हाररावांच्या तोंडात घातलेला बत्तासा कुठला?"

"लोट्यातला."

"लोट्यात असेलच कसा? एकूण चार. तिघांचे तिघांबरोबर बाहेर गेले. उरला चौथा, तुमचा. तुम्हीही लवंगच टाकलीत, म्हणून तो मुठीत होता."

कारभारींनी लोटा जवळ ओढला.

"चार निघाल्या," ते म्हणाले. "उपडा केला तर चारही लवंगा. मला वाटलं होतं, माझी एकटीच असेल. त्यांना चार कशा सांगू? एक म्हणालो. एक वैरी आणि तीन मित्र, एवढं तरी उरावं त्यांच्याकडे."

बाकीचे तिघं एकमेकांकडे बघत होते. प्रत्येकाला आजवर वाटत होतं, आपली एकट्याचीच होती.

"का पन?" बानाबाई म्हणाली.

उत्तर काकासाहेबांनी दिलं, खाली बघून. "तेव्हा मेंढवाड्यात तुझ्या आईचं लुगडं होतं माझ्या अंगावर. हा सांडू मेंढराच्या पोटाखाली रडत होता. तुझ्या बापानं कुणाला कधी सांगितलं नाही. पण आत रोज समोर बसला असता, बाई. रोज."

"आनि फोटो चालला?"

काकासाहेबांनी खिळ्याकडं पाठ फिरवली.

तिनं फोटो पुन्हा घोंगडीत गुंडाळला, कोपरे नीट दुमडले आणि जिना उतरली. बन्सी आणि पाथ्रीकर मागोमाग आले. ओट्यापाशी ती थांबली. मल्हारराव बसत तिथला दगड गुळगुळीत झाला होता.

"चुकलं का माझं, बाई?" पाथ्रीकरांनी विचारलं.

"नाय. तुमी काम केलं." तिनं बाजाराकडं पाहिलं. दुकानांतून दिवे लागत होते. "एक नाव असतं तर एक दार टाळलं असतं. उद्या घोंगड्या घेऊन यायचंच हाय हितं. ह्या चौघांबिगर घेतंय कोन?"